दोन पाण्यांचा जिताडा

वाशीम, मेअखेर

चि. बाळू,

ऑस्ट्रेलियातून आलेला तुझा फोटो घरात सगळ्यांनी पाहिला. वहिनींना मागची मगरीची पाटी आधी दिसली, दादांना माशाचं वजन दिसलं, आणि शेजारच्या पोराने हा शार्क आहे का म्हणून विचारलं. खाली तू ‘बारामुंडी’ असं लिहिलंयस. अलिबाग-पेणकडच्या कुठल्याही शेंबड्या पोराने तो लांबूनच ओळखला असता. तो जिताडा आहे. नोकरीतली बरीच वर्षं रायगडात मत्स्यव्यवसाय खात्यात गेली, त्यामुळे या माशाबद्दल आपल्या घरात बोलण्याचा अधिकार निदान माझा आहे. पकडायचा कसा, शिजवायचा कसा आणि आपल्या शेततळ्यात सोडता येईल का, असं सगळं तू एका दमात विचारलंस. पत्र लांबेल. सुट्टीच्या दिवशी वाच.

मासा एकच आहे, याबद्दल शंका नको. शास्त्रज्ञ त्याला लॅटेस कॅल्कॅरिफर म्हणतात. इराणच्या आखातापासून भारताचे दोन्ही किनारे धरून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचं राज्य पसरलेलं आहे. गोव्यात तो चोणक होतो, बंगालात भेटकी, आंध्रात पंडुगप्पा, केरळात काळांजी. जिथे जातो तिथे पंक्तीतला मानाचा मासा ठरतो आणि भावही तसाच खातो.

कपाळाजवळ खोलगट झालेला माथा, पुढे आलेला खालचा जबडा, रुपेरी मोठे खवले आणि बॅटरीच्या उजेडात लालसर चमकणारा डोळा ही त्याची ओळख. दात बारीक, पॉलिश पेपरसारखे खरखरीत, म्हणून खालचा ओठ अंगठ्याने धरून त्याला उचलता येतं. फोटोत तू तसाच धरलायस, पण दुसरा हात गालाखाली आहे तो काढ. कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. गळाला लागलेला जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोकं जोरात झटकतो, आणि त्या झटक्यात जाड दोरासुद्धा या कडेवर कापला जातो. बोटांची काय कथा!

आता त्याचा संसार ऐक, कारण पकडण्याची सगळी गोम त्यातच आहे. जिताड्याला दोन पाणी लागतात. अंडी खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी घालायची. पिल्लांनी भरतीबरोबर आत शिरायचं, कांदळवनात, खाजणात, भाताच्या भरलेल्या शेतात, जमलं तर नदीने वर गोड्या पाण्यात जायचं आणि तिथे खाऊनपिऊन वाढायचं. वयात आलं की पावसाळ्याच्या सुमारास परत खाली उतरायचं. वयात येताना ते बहुतेक सगळे नर असतात. पुढे सहा-सात वर्षांचे, जवळपास दोन हात लांबीचे झाले की बहुतेकांची मादी होते. म्हणजे पाण्यातला थोरला जिताडा जवळपास नेहमी आईच असतो, आणि ती एका हंगामात कोटींच्या घरात अंडी घालू शकते.

तुमच्याकडचे कायदे यावरूनच बेतलेत. तुमच्या नॉर्दर्न टेरिटरीत ५५ सेंटीमीटरच्या आतला मासा ठेवता येत नाही. शेजारच्या क्वीन्सलंडने ५८ सेंटीमीटरची खालची मर्यादा तर घातलीच, पण १२० सेंटीमीटरच्या वरचा मासाही पाण्यात परत सोडायला लावला. लहानाला वाढू द्यायचं हे आपल्याकडेही कळतं. मोठीला सोडायचं, हे मात्र आपल्या कुठल्याही बंदरावर सांगून बघ, लोक तुला वेड्यात काढतील. मोठा मासा म्हणजे मोठा पैसा, इतकाच हिशेब तिथे चालतो. या बाबतीत तिकडचे लोक शहाणे, हे मान्य करायला हवं.

गळाने पकडलेल्या बारामुंडीचा जागतिक विक्रम ४४.६४ किलोचा आहे, २०१० सालचा. तो मासा समुद्रात नव्हे, क्वीन्सलंडमधल्या मोंडुरन नावाच्या धरणात सापडला. धरणात त्याची वीण होत नाही. तिथे माणसांनी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, नेऊन सोडली, त्यातली एक अशी फोफावली. ही गोष्ट लक्षात ठेव, शेततळ्याच्या वेळी कामाला येईल.

डार्विनचे गळवाले वर्षभर ज्याची वाट पाहतात तो पावसाळ्यानंतरचा उतरता हंगाम. मार्च ते मे या काळात पूरमैदानांवर पसरलेलं पाणी ओहोळाओहोळांनी नदीत उतरायला लागतं आणि त्याबरोबर बारीक मासळी, कोळंबी, बेडूक सगळं वाहत येतं. जिताडा पाठलाग करणारा मासा नाही. तो ओहोळाच्या तोंडाशी, बुडालेल्या लाकडाच्या सावलीत किंवा कांदळाच्या मुळांत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या घासासमोर तोंड एवढ्या वेगाने उघडतो की पाण्यासकट घास आत ओढला जातो. तो ‘भुप्प’ आवाज तू ऐकला असशीलच. मेरी नदीवर शेडी कॅम्पला जो बंधारा आहे, त्याच्या एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला भरतीचं खारं. तिथे गर्दी का लोटते ते आता कळलं ना?

अगदी हेच दृश्य रायगडच्या खारेपाटात दिसतं, फक्त काठ्या कमी आणि जाळी जास्त. अलिबाग आणि पेण तालुक्यांतला हा पट्टा म्हणजे खाडीला बांध घालून माणसाने मिळवलेली जमीन. उधाणाचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात झडपेची दारं. त्या दाराला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून दार ढकलून बाहेर पडतं, भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाबून तेच दार बंद करतं. ना मोटर, ना वीज. अशा उघाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या पहिल्या तासात जो उभा राहील त्याला जिताड्याचा पत्ता विचारावा लागत नाही. बांध फुटून खांड गेली, तर शेतकऱ्याचं वर्ष बुडतं, जमीन खारी होते; पण त्याच खांडीतून जिताड्याची पिल्लं शेतात येतात. एकाच पाण्यावर घरातला एक रडतो आणि दुसरा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन धावतो, हे तिथे नवीन नाही.

या जमिनीचा इतिहास खारट पाण्याइतकाच कडू आहे. कुळांनी बांध बांधायचे, राखायचे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी घालायचा, असा रिवाज होता. त्याविरुद्ध १९३३ मध्ये चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला, जमीनच कसली नाही, आणि तो संप १९३९ पर्यंत टिकवला. बाबासाहेब आंबेडकरही १९३४ मध्ये चरीला येऊन गेले. खारेपाटातला आगरी माणूस बांधाबद्दल बोलताना आवाज का चढवतो, ते हे माहीत असलं की समजतं.

पकडण्याची साधनं दोन्हीकडे निराळी, पण अक्कल एकच. तुमच्याकडे रीळ, काठी आणि रंगीत प्लास्टिकचा खोटा मासा. तो मध्येच थांबवत, मध्येच झटका देत ओढायचा. थांबतो त्याच क्षणी जिताडा झेप घेतो, म्हणून एकसारखं ओढणारा नवखा माणूस रिकाम्या हाताने परततो. रायगडात पाग फेकतात, खाडीत आडवी जाळी लावतात आणि गळवाले जिवंत आमिष वापरतात. बोईटाचं पिल्लू किंवा जिवंत कोळंबी गळाला अशी टोचायची की ती पोहत राहिली पाहिजे. मेलेल्या आमिषाकडे जिताडा ढुंकून बघत नाही असं नाही, पण त्याचा जीव फडफडणाऱ्या घासावर. वेळ भरती-ओहोटीच्या वळणाची. उधाणाच्या दिवसांत पाणी फार जोरात धावतं, भांगाच्या दिवसांत फार सुस्त असतं. जुनी माणसं या दोन्हींच्या मधले दिवस पसंत करतात. कॅलेंडरवरची तिथी बघून पाण्याचा जोर सांगणारे लोक आहेत ते, त्यांना मोबाईलवरचा भरतीचा तक्ता लागत नाही.

आणि हो, मासा साफ करायला पाण्याच्या कडेला बसू नकोस. मगरी काही तुमच्याकडेच आहेत असं नाही, महाडजवळ सावित्रीतही आहेत. पण आपल्या मगरी बिचाऱ्या गोड्या पाण्यातल्या. तुमच्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीची गोष्टच वेगळी.

तुमच्या सरकारने २०१५ पासून टॅग लावलेले बारामुंडी नद्यांत सोडून त्यावर बक्षिसं ठेवली आहेत आणि त्यातलं सर्वांत मोठं बक्षीस दहा लाख डॉलरचं आहे, हे वाचून दादा दोन दिवस तुझ्या पगाराबद्दल बोलले नाहीत. रायगडात जिताड्यावर असं उघड बक्षीस नसतं, पण जिताडा हेच बक्षीस असतं. कचेरीत काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा, ही तिकडची सर्वांना ठाऊक असलेली रीत. जावई आला तर जिताडा, व्याही आला तर जिताडा, आणि साहेब नवीन आला तरी जिताडा. सरकारी माणसाने यावर जास्त लिहू नये, निवृत्त झालेल्यानेही.

ही भेट हुकमी देता येते, कारण जिताडा दारात असतो. खारेपाटात शहापूर-धेरंडसारख्या गावांत घराजवळ तळी आहेत. पावसाळ्यात खाडीत आलेली पिल्लं पकडून या तळ्यांत सोडायची हा तिथला जुना उद्योग. तळ्यात पावसाचं गोडं पाणी, तिलापिया आणि इतर बारीक मासळी आपसूक वाढलेली. जिताडा ती खातो आणि वर्षभरात किलोच्या आसपास जातो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की घरचं लग्न, जत्रा किंवा पैशांची नड पाहून तळं उपसायचं. बँकेतल्या मुदत ठेवीचा एवढा चवदार प्रकार दुसरा नसेल.

पिल्लं सोडण्यात एक मेख आहे. जिताड्याचं पिल्लू आपल्या लांबीच्या दोन-तृतीयांश एवढ्या भावंडाला सहज गिळतं. लहानमोठी एकत्र टाकली की महिन्याभरात थोडीच उरतात, पण ती गलेलठ्ठ असतात. म्हणून बीजकेंद्रांत दर काही दिवसांनी पिल्लं आकाराप्रमाणे निवडून वेगळी करत राहतात. आपल्या देशात हा मासा बंदिस्त पाण्यात प्रजननासाठी तयार केला तो चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, १९९७ मध्ये. तोपर्यंत सगळी भिस्त खाडीतल्या पिल्लांवर होती. आता तामिळनाडूतल्या बीजकेंद्रांतून बोटुकली येते, आणि राज्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेत कोकणातल्या खाड्यांमध्ये गावोगावचे गट पिंजऱ्यांत जिताडा वाढवू लागलेत. कांदळ तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा आहे हे गावाला सांगायचं तर भाषणापेक्षा पिंजरा बरा, हे त्या योजनेत कुणाला तरी नेमकं सुचलं.

आता स्वयंपाक. तू लोणी-लिंबू लावून तव्यावर भाजलास, चूक काहीच नाही, पण घरी आणलेला मासा एवढ्यावर संपवलास आणि डोकं तिथेच मगरींना टाकलंस, हे वाचून जीव हळहळला. अलिबागेत डोक्यासाठी भांडणं होतात.

आधी मासा कुठल्या पाण्यातला ते बघ. खाडीतला जिताडा असेल तर काहीच करायला नको. तळ्यातला किंवा धरणातला असेल तर कधीकधी मातकट वास येतो. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे आणि जिवाणूंमुळे तयार होणारा एक पदार्थ माशाच्या चरबीत मुरतो, त्याचा तो वास. बाजारासाठी वाढवणारे लोक विकण्याआधी काही दिवस मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवतात. घरी तेवढं जमत नाही, म्हणून कातडी आणि मधला गडद मांसाचा पट्टा काढायचा, तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवायचं. आंबटाने तो वास बराच मरतो. रायगडात तळ्यातल्या जिताड्याला सढळ हाताने चिंच घालतात ती उगीच नाही.

कालवणाचं सांगतो, कारण तव्यावरचं तुला येतं. खवले मोठे असतात, शेपटीकडून डोक्याकडे कोयत्याच्या पाठीने खरवडायचे, नाहीतर स्वयंपाकघरभर उडतात. डोकं उभं चिरून दोन भाग करायचे, कल्ले काढून टाकायचे. तुकड्या बोटभर जाड. पातळ तुकड्यांचा रश्शात लगदा होतो. पसरट पातेल्यात तेल तापलं की ठेचलेला लसूण, भरपूर, सालासकट चालेल. तो तांबूस होताच आच कमी करून हळद आणि आगरी मसाला टाकायचा. मसाला करपायला एक क्षण पुरतो. लगेच चिंचेचा कोळ आणि पाणी. कैरीचे दिवस असतील तर चिंचेऐवजी कैरीच्या फोडी. मे महिन्यात रायगडात दुसरं काही घालत नाहीत. मीठ घालून रस्सा चांगला उकळू द्यायचा, मग आधी डोकं, पाच मिनिटांनी तुकड्या. यानंतर पातेल्यात चमचा घालायचा नाही. दोन्ही कान फडक्याने धरून पातेलंच गोल हलवायचं. तुकड्यांना सात-आठ मिनिटं पुरतात. वरून कोथिंबीर, झाकण, आणि निदान तासभर त्याच्याकडे बघायचं नाही. रात्रीचं कालवण सकाळी जास्त चांगलं लागतं, हे अलिबागच्या प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खरं आहे.

सोबत तांदळाची भाकरी. डोक्यातलं गालाचं मांस आधी खायचं, मग डोळ्यामागचं. काटे कमी आणि मांसाच्या मोठ्या पाकळ्या सुटतात, म्हणून लहान मुलांना भरवायला आई-आज्या हाच मासा मागतात. बंगाली लोक भेटकीला मोहरीचं वाटण लावून केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात, तीही एक वाट आहे. तुमच्याकडे केळीची पानं मिळतात तर करून बघ. गोव्यात रवा लावून तळतात. फक्त वहिनींच्या सांगण्यावरून आपला वऱ्हाडी काळा मसाला आणि भाजलेलं खोबरं यात घालू नकोस. तो मसाला मरळीला, बोकडाला शोभतो. जिताड्याची चव नाजूक असते, ती त्याच्याखाली गाडली जाते. वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.

आणि आता शेततळं. इथे बसून नकाशा बघितला की मौज वाटते. वाशीम जिल्ह्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. काट्याच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे जाते, पूर्णेला मिळते, पुढे तापीतून अरबी समुद्र. पैनगंगा रिसोड-वाशीमकडून पूर्वेला निघते, अडाणही तिला जाऊन मिळते, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. दोन्ही मुखांशी जिताडा आहे. पण तो वर येणार कसा? तापीवर उकाई आहे, गोदावरीवर आर्थर कॉटनच्या काळापासूनचा धवळेश्वरमचा बंधारा आहे, आणि मधल्या वाटेवर लहानमोठी धरणं. तुमच्याकडे रॉकहॅम्प्टनला फिट्झरॉय नदीच्या बंधाऱ्यात माशांना चढायला पायऱ्यांची वाट ठेवली आहे. आपल्याकडे बंधारा बांधताना माशांना विचारण्याची पद्धत नाही.

तो आपणहून येणार नाही, म्हणून आपण आणायचा, असं तुझं म्हणणं. गोड्या पाण्यात जगेल का? जगेल. आंध्रात गोड्या पाण्याच्या तलावांतही तिलापिया खाऊ घालून पंडुगप्पा वाढवतात, आणि मोंडुरनचं तुला सांगितलंच. वीण मात्र होणार नाही, दरवर्षी बीज विकत आणावं लागेल. तेही परवडेल एखाद वेळेस. पण पाणी वीस अंशांखाली गेलं की हा मासा खाणं सोडतो, आणि पुस-माघात आपल्याकडे रात्रीचा पारा दहा-बारावर येतो. धरणाचं खोल पाणी तेवढं गारठत नाही, अस्तराचं उथळ शेततळं चांगलंच गारठतं. त्यातून वाचला, तर दादा फेब्रुवारीत हरभऱ्याला शेवटचं पाणी देऊन तळं रिकामं करतात. ‘मागेल त्याला शेततळे’मधलं ते तळं पिकाला पाणी द्यायला आहे, माशाला नव्हे. आणि अतिवृष्टीत सांडव्यावरून एखादा नाल्यात गेला, तर तिथली बारीक मासळी वर्षानुवर्षं खात बसेल. एकबुर्जी धरणावर किंवा पैनगंगेच्या काठी पोट असलेल्या भोई मंडळींच्या जाळ्यात आधीच काय येतं ते बघितलंस, तर हा पाहुणा इथे नकोच म्हणशील.

आपल्या पाण्याला मरळ आहे. तीही दबा धरून बसणारी, हवेतला श्वास घेणारी, त्यामुळे आटत्या पाण्यातही तग धरणारी. गळाला लागल्यावर जिताड्याइतकी उडत नाही, पण बाजारात भाव राखून आहे. या जुलैत तळं भरलं की कटला-रोहूची बोटुकली टाकायचं ठरलंय. दादांना त्यातच दहा-बारा मरळी सोडायच्या आहेत. मरळ आणि बोटुकली एका तळ्यात ठेवली तर दिवाळीला फक्त मरळच उरेल, हे त्यांना तू फोनवर सांग, माझं ते ऐकत नाहीत. आणि सांगताना चेन्नईच्या संस्थेचं नाव घे, म्हणजे पटेल.

तुझा,
काका